पहिल्या रविवारचं ताट

कुकरच्या चौथ्या शिट्टीला श्रीपादरावांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. तुरीच्या डाळीला या घरात तीन शिट्ट्या लागतात. चौथी म्हणजे हरभऱ्याची डाळ, आणि हरभऱ्याची डाळ म्हणजे पुरण.

"आज पुरण कशाला?" त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन विचारलं.

"कशाला म्हणजे? पोरीचं कर्ज फिटतंय. फोनवर म्हणाली नाही का, आई, येत्या पहिल्या रविवारी शेवटचा हप्ता?" शारदाबाई ओट्याशी वेलदोडे कुटत होत्या, त्यांनी वळूनसुद्धा बघितलं नाही. "सहा वर्षं राबली ती. आज काय तिला पिठलं वाढू?"

श्रीपादराव नुसतं "हं" म्हणाले आणि परत येऊन सोफ्यावर बसले. इस्त्रीचा शर्ट त्यांनी सकाळी नऊलाच चढवला होता. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते असेच, ऑफिसला निघाल्यासारखे, तयार होऊन बसत. वीज मंडळाच्या लेखा विभागात चौतीस वर्षं काढलेला माणूस. निरोपाच्या समारंभात साहेबानं मुद्दाम सांगितलं होतं, यांच्या कागदात एक पैशाची चूक कधी निघाली नाही. त्याच माणसानं आज सकाळपासून वर्तमानपत्राचं एकच पान तीनदा वाचलं होतं.

हप्ता हातात द्यायचा, ही पद्धत तात्यांची. तात्या म्हणजे श्रीपादरावांचे वडील, बाळकृष्ण पागनीस. होळकरांच्या पागेचे हिशेब लिहिणारं हे घराणं. घोडे गेले, पागा गेली, संस्थान गेलं, आणि तात्या परदेशीपुऱ्याच्या कापड गिरणीत कारकून झाले. थोरल्या लेकीच्या, कुमुदिनीच्या लग्नात त्यांनी सराफ्यातल्या एका शेटजींकडून दागिने उधारीवर आणले आणि पुढची सात वर्षं दर पहिल्या रविवारी पायी जाऊन हप्ता शेटजींच्या हातावर ठेवला. दुकानाच्या वरच शेटजींचं घर. पैसे घेऊन आलेल्याला उपाशी धाडायचं नाही, असा त्यांच्या म्हाताऱ्या आईचा नेम होता, ती तात्यांना जेवल्याशिवाय उठू देत नसे. कर्ज फिटलं. पुढच्या महिन्यात तात्या सवयीनं पुन्हा गेले. शेटजी गादीवरून "राम राम, पंडितजी" म्हणाले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. बसा कुणी म्हटलं नाही, जेवा कुणी म्हटलं नाही. घरी येऊन तात्या म्हणाले, "कर्ज फिटलं, ओळखही फिटली." पुढे हे वाक्य पागनिसांकडे शंभरदा तरी हसत हसत बोललं गेलं. श्रीपादराव तेव्हा चौदा वर्षांचे होते, आणि वडील त्या दुपारी किती वेळ मोरीत तोंड धूत उभे होते ते त्यांनी बघितलं होतं.

देवयानी त्यांची थोरली. पुण्याला एमबीए केलं त्याचं हे कर्ज, वर सही तिची आणि खाली सहकर्जदार म्हणून बाबांची. इंदूरला नोकरी लागली, यशवर्धनशी साखरपुडा झाला, आणि मग त्याच्या घरच्यांनी विचारलं, मुलीवर कर्ज आहे ते लग्नाआधी कोण फेडणार? श्रीपादराव म्हणाले, मी फेडतो, फंडातून काढतो. देवयानी म्हणाली, कुणी फेडायचं नाही, माझं आहे, मी फेडीन, आणि ज्यांना ते खुपतंय त्यांच्या घरात मला जायचंच नाही. त्या भांडणात बापलेक एकमेकांना काय काय बोलले ते पुन्हा उगाळण्यात अर्थ नाही. लग्न मोडलं, आणि बाईसाहेब बॅग उचलून विजयनगरला भाड्याच्या खोलीत राहायला गेल्या. एकाच शहरात, लोकमान्यनगरहून चाळीस मिनिटांवर!

तेव्हापासून घराशी तिचा संबंध उरला तो एवढाच. पहिला रविवार, पंचवीस हजारांचं पाकीट, दुपारचं जेवण. साडेसतरा हजार हप्त्याचे, आणि वरचे साडेसात हजार मुद्दलात भरायला, म्हणजे दहा वर्षांचं कर्ज सहा वर्षांत संपेल. सोमवारी बाबा स्वतः बँकेत जाऊन भरत. मोबाइलवर दोन मिनिटांचं काम आहे, असं मुकुल सांगून सांगून थकला होता.

मुकुल म्हणजे देवयानीचा धाकटा भाऊ. सियागंजात त्याची नळ-पाइपांची एजन्सी होती आणि तो बायकोबरोबर राजेंद्रनगरला राहायचा. बारा वाजता दोघं आले, हातात जिलबीचा पुडा.

"बाबा, आज तो पार्टी!" मुकुल चपला काढता काढता ओरडला. "ताई बँकेतून छुटली एकदाची."

"पुरण आहे घरात, जिलबी कशाला आणलीस?" शारदाबाई म्हणाल्या.

"राहू द्या आई," रुची हसत आत गेली. "इंदूरमध्ये मीठा जास्त झाला म्हणून कोणी मेलाय का आजपर्यंत?"

सगळे हसले. श्रीपादरावही हसले, पण त्यांचे डोळे फाटकाकडे होते.

*

देवयानीनं स्कूटी फाटकाशी लावली आणि हेल्मेट न काढता थोडा वेळ तशीच बसून राहिली.

शुक्रवारी दुपारी होम लोनचं काम बघणाऱ्या पीयूषचा फोन आला होता. "मॅम, आपने तो बोला था कोई लोन नहीं है? एज्युकेशन लोन चल रहा है. छह लाख पचासी हजार बाकी दिखा रहा है." ती म्हणाली, चूक असेल. त्यानं कागद पाठवला. चूक नव्हती.

निपानियातला चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट, एक खोली, एक हॉल, स्वयंपाकघर. बाल्कनी इतकी छोटी की दोन कुंड्या ठेवल्या तर माणूस आत. पण सकाळी ऊन येत होतं. एक्कावन्न हजार टोकन देऊन झालं होतं. मालकानं शनिवारपर्यंत मुदत दिली होती, त्यानंतर फ्लॅट दुसऱ्याला आणि टोकन बुडालं. हातात तिच्या बारा लाख होते, तेही सहा वर्षांत जमवलेले. महिन्याचे पंचवीस कर्जाला, सोळा घराला, उरलेल्यात भाडं आणि डबा. ऑफिसातल्या मैत्रिणी गोव्याला गेल्या, मनालीला गेल्या, ती दर वेळी म्हणाली, मला प्रवास सोसत नाही. आता त्या बारा लाखांतून हे कर्ज भरलं तर घर गेलं, आणि कर्ज ठेवलं तर बँक घराला पैसे देत नाही.

तिनं सहा वर्षांत एकदाही खातं उघडून बघितलं नव्हतं. खात्याला नंबर बाबांचा, मेसेज त्यांना जायचे. आणि श्रीपाद पागनिसांचा हिशेब तपासायचा? या घरात असं कुणाच्या मनातसुद्धा यायचं नाही. लोक तिला मूर्ख म्हणतील, आणि म्हणू देत, ती होतीच मूर्ख.

आत पानं मांडलेली होती. तिच्या ताटाभोवती रांगोळीसुद्धा.

"आलीस? हातपाय धू," आई म्हणाली. "पाकीट आधी बाबांच्या हातात दे, मग बस."

"पाकीट आणलं नाही मी."

आईचा पोळीवर तूप सोडणारा हात थांबला. देवयानी बाबांसमोर उभी राहिली. "बाबा, माझ्या कर्जाचे किती राहिलेत?"

"आधी जेवून घेऊ."

"किती राहिलेत?"

"वाढ गं शारदा. भात निवतोय."

हेच ते उत्तर. सहा वर्षांत तिनं कधीही विचारलं की "चाललंय व्यवस्थित", नाहीतर "वाढ गं शारदा". आणि ती हसून पानावर बसायची!

"सहा लाख पंच्याऐंशी हजार राहिलेत," तिनंच सांगितलं. "मी वरचे साडेसात हजार दर महिन्याला देत होते. त्यातला एक रुपया बँकेत गेलेला नाही. शनिवारपर्यंत हे मिटलं नाही तर माझं घर जातं."

"क्या बात कर रही है ताई?" मुकुल पाटावरून उठला. "ते तर झीरो व्हायला पाहिजे नं?"

"मलाही तेच वाटत होतं."

"बाबा?" मुकुल वडिलांकडे वळला. "ताई बरोबर विचारून राहिली आहे. सीधी बात आहे, पैसे कुठे गेले?"

श्रीपादराव ताटाकडे बघत होते. ताटात अजून फक्त मीठ आणि लिंबू होतं.

एवढा वेळ देवयानीनं दाबून धरलेलं बाहेर आलं ते भलत्याच माणसावर. "तू विचारतोयस, मुकुल? तू? दोन वर्षांपूर्वी तुझ्या धंद्याला लोडिंगची गाडी आली, तीन लाख रोख. बँकेनं तुला नाही म्हटलं होतं ते मला आईनं सांगितलंय. बाबांनी फंड मोडलेला नाही. मग कुठून आले तीन लाख?"

"ताई, तू शुद्धीवर आहेस का?"

"मी आहे. लेकाच्या धंद्याला हवे असतील तर लेकीचे घ्यायचे. नवीन काय त्यात? पण मला सांगून तरी घ्यायचे!"

मुकुलचा चेहरा लहानपणी मार खाऊन यायचा तेव्हा व्हायचा तसा झाला. बोलली ती रुची, स्वयंपाकघराच्या दारातून, झारा हातात तसाच.

"एक मिनिट, ताई. गाडी कुठून आली ते माझ्याकडून ऐका." तिनं दोन्ही हात पुढे केले. मनगटांत काचेच्या बांगड्या होत्या, बस. "माझे कंगन गेले त्यात. माहेरचे. सराफ्यात जाऊन मीच विकून आली. आईंना पण नाही सांगितलं, की उगीच यांना गिल्ट वाटेल. शादीमध्ये जाते तर आर्टिफिशियल घालते. आणि तुम्ही यांना चोर बोलून राहिल्या?"

"रुची, बस," मुकुल म्हणाला.

"का बस? तुम्ही दर वेळी बस. ताईंची साइड घेतली आत्ता, काय मिळालं?"

मुकुल बाहेर जाऊन पायरीवर बसला. रुचीचे डोळे भरून आले होते, ती झारा घेऊन आत वळली. देवयानी हॉलच्या मधोमध उभी. ज्यानं तिची बाजू घेतली त्यालाच तिनं घालवलं होतं, आणि ते तिला कळतही होतं.

*

शारदाबाईंनी पुरण केलं ते मुद्दाम केलं होतं. म्हटलं, पुरणाचा वास आला की तरी या माणसाचं तोंड उघडेल. तीन आठवडे त्या वाट बघत होत्या. फोनवर पोर "शेवटचा हप्ता" म्हणाली तेव्हापासून नवरा रात्री कूस बदलत होता, आणि त्या शेजारी पडून झोपेचं सोंग घेत होत्या. चव्वेचाळीस वर्षांचा संसार! पण सांगायचं त्यांनीच, असं बाईंनी ठरवलं होतं. आता मुलगा बाहेर पायरीवर, सून आत रडतेय, आणि हा माणूस मिठाकडे बघतोय म्हटल्यावर त्यांचा संताप संताप झाला.

त्या तरातरा आतल्या खोलीत गेल्या. कपाटात श्रीपादरावांचा लग्नातला कोट होता, दर वर्षी उन्हात घालून परत टांगायचा. आतल्या खिशात हात घालून त्यांनी पोस्टाची दोन पासबुकं काढली आणि हॉलमध्ये येऊन देवयानीच्या हातात दिली.

"हे घे तुझे साडेसात हजार. सगळे आहेत."

देवयानीनं उघडून बघितलं. खातं बाबांचं, वारस कुमारी देवयानी श्रीपाद पागनीस. पानामागून पान शिक्के. शेवटी सहा लाख एकेचाळीस हजार.

श्रीपादराव बायकोकडे बघत राहिले. "तुला माहीत होतं?"

"दोन वर्षांपूर्वी कोट उन्हात घातला तेव्हा सापडलं."

"आणि बोलली नाहीस?"

"तुम्ही तरी कुठे बोललात?" शारदाबाई पदरानं हात पुसत राहिल्या, हात कोरडे होते तरी. "बोलले असते तर दुसऱ्या दिवशी कर्ज मिटवून मोकळी झाली असती. मग कशाला आली असती ती? तुमचा एकट्याचाच रविवार होता का तो?"

"काय चाललंय?" देवयानीचा आवाज चिरकला. "मला कुणी नीट सांगणार आहे का?"

श्रीपादरावांनी चष्मा काढला. चष्मा काढला की त्यांना समोरचा माणूस धूसर दिसायचा आणि बोलायला सोपं जायचं.

"एक पैसा घेतलेला नाही मी."

"ते दिसतंय."

"पहिल्या महिन्यात बँकेत गेलो. काउंटरवरच्या मुलीनं हिशेब करून सांगितलं, अंकल, असे भरलेत तर सहा वर्षांत खतम. मला आनंद व्हायला पाहिजे होता. नाही झाला. तू घर सोडून गेल्याला तेव्हा महिनाच झाला होता. मला तात्या आठवले. हप्ता तेवढा भरला, आणि बाहेर पडून पोस्टात गेलो. म्हटलं, या महिन्यापुरतं. पुढच्या महिन्यापासून बँकेत भरू. असं करता करता..."

"कर्ज फिटलं, ओळखही फिटली," देवयानी हळू म्हणाली.

"हो."

मग देवयानीला एकदम राग आला, आणि तो खराखुरा होता. "बाबा, तुम्ही नुसतं 'ये' म्हणायचं होतं मला! एवढं?"

"म्हटलं नव्हतं?" आता त्यांचाही आवाज चढला. "दिवाळीत म्हटलं, चार दिवस राहायला ये. म्हणालीस, बघते. पाडव्याला म्हटलं. बघते. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, म्हटलं रात्री थांब. बघते म्हणालीस आणि दुपारी तासभर येऊन गेलीस. हप्त्याला मात्र एकदा चुकली नाहीस. एकाहत्तर रविवार. कोविडात फाटकाबाहेर उभी राहून पाकीट दिलंस आणि डबा घेऊन गेलीस. अंगात ताप असताना आलीस. माझ्यासाठी नाही आलीस, हप्त्यासाठी आलीस. मग मी हप्ता सांभाळला!"

देवयानीनं पासबुकं मिटली.

"व्याजात किती गेले माहीत आहे?" ती म्हणाली.

"एक लाख सात हजार. दर महिन्याला मांडत होतो. ते मी माझ्या फंडातून देतो."

"नको मला तुमचा फंड."

"बघ, हेच. तेव्हाही हेच म्हणालीस."

दारातून मुकुलचा आवाज आला. तो पायरीवरून केव्हा उठून आला होता कुणाला कळलं नव्हतं. "सहा एकेचाळीस पोस्टातले. चव्वेचाळीस हजार कमी पडतात. ते मी टाकतो. उद्या पार्टीकडून येणार आहेत."

"नको मुकुल. मी बघते काहीतरी—"

"अहो ताई, बस ना आता!" रुची आतून आली. नाक लाल, पण आवाज ठणठणीत. "कोणी काही द्यायला गेलं की नको. तुम्हाला द्यायला जावं तर तुम्ही दरवाजाच लावून घेता. पैसे घ्या. आणि आधी यांना सॉरी बोला."

देवयानीनं भावाकडे बघितलं. "चुकलं माझं, मुकुल."

"जाऊ दे यार," तो म्हणाला, पण तिच्याकडे न बघता.

"चला, पानावर बसा सगळे," शारदाबाई म्हणाल्या. "पोळ्या गार झाल्या."

देवयानीनं पासबुकं पर्समध्ये ठेवली. "मला भूक नाही आई." आणि हेल्मेट उचलून ती निघून गेली. रांगोळी काढलेलं ताट तसंच राहिलं. एकाहत्तर रविवारांत ती न जेवता किंवा डबा न घेता कधी गेली नव्हती. आज पाकीटही आणलं नव्हतं, तेव्हा शेटजींच्या आईचा नेम काही मोडला नाही म्हणायचा.

*

बुधवारी बापलेक पोस्टात भेटले, तिथून बँकेत. मुकुलचे चव्वेचाळीस हजार देवयानीच्या खात्यात आले होते. श्रीपादरावांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. देवयानी कामापुरतं बोलत होती. इथे सही करा, आधारची कॉपी आहे का, पाणी पिणार का.

काउंटरवरची मुलगी आता बदलली होती, हा नवीन पोरगा होता. पण अंकलना सगळे ओळखत. शिपाई उठून "बाबूजी, आज बुधवार को कैसे?" म्हणाला. श्रीपादरावांनी सहकर्जदाराच्या रकान्यात सही केली.

"हो गया अंकल," पोरगा म्हणाला. "लोन क्लोज. अब आपको आने की जरूरत नहीं, सर्टिफिकेट मॅडम के ईमेल पे आ जाएगा."

"घर पे नहीं आएगा?" श्रीपादरावांनी विचारलं.

"ईमेल पे, अंकल."

बाहेर ऊन मी म्हणत होतं. देवयानीनं त्यांच्यासाठी रिक्षा थांबवली, पत्ता सांगितला, पैसे आधीच देऊन टाकले. तिला ऑफिसला परत जायचं होतं.

"घर बघायला या," ती म्हणाली. "रजिस्ट्री झाली की."

"येऊ ना. येऊ." ते रिक्षात बसले. त्यांना म्हणायचं होतं, रागावलीस का. ते म्हणाले, "जेवणाचा डबा वेळेवर खात जा."

ती मान हलवून स्कूटीकडे वळली. रिक्षावाल्यानं दोनदा विचारलं, "चलें, बाबूजी?" तेव्हा कुठे त्यांनी हो म्हटलं.

*

शनिवारच्या आत कागद झाले, घर मिळालं. महिनाअखेर रजिस्ट्री झाली. एप्रिल उजाडला. पाच तारखेला सकाळी देवयानी नव्या घरात जमिनीवर गादी टाकून झोपली होती. पलंग यायचा होता. पंखेही लागायचे होते. सात वाजता फोन वाजला म्हणून तिनं बघितलं, तर बँकेचा मेसेज, घराचा पहिला हप्ता खात्यातून कापला गेला. तिनं वाचला आणि पुन्हा डोळे मिटले.

दिवसभर कामं होती. इलेक्ट्रिशियन येतो म्हणाला आणि आला नाही. तिनं फरशा पुसल्या, पुस्तकं भिंतीशी रचली, बाल्कनीत दोन कुंड्या ठेवून बघितल्या आणि एक आत घेतली. कपबशीचा आवाजसुद्धा या रिकाम्या खोल्यांत मोठा होत होता. गॅस जोडलेला नव्हता. खालच्या ठेल्यावरून पोहे आणून तिनं कागदातच खाल्ले, खिडकीत उभी राहून. समोरच्या इमारतीत एक बाई नवऱ्याला काहीतरी ओरडत होती, आणि देवयानी चमचा हातात धरून ते ऐकत राहिली. माझं घर, ती स्वतःशी म्हणाली. मोठ्यानं म्हणून बघितलं. मग तिला स्वतःचीच लाज वाटली.

साडेतीनला कागद चुरगाळून टाकताना तिच्या लक्षात आलं, आज रविवार. पाच तारीख, म्हणजे पहिला रविवार.

तिनं लगेच फोन लावला. आईनं उचलला.

"आई, जेवलात?"

"हो, झालं गं. मगाशीच."

"मगाशी म्हणजे?"

"अडीच वाजले असतील. यांनी ताट मांडायला लावलं होतं तुझं. म्हटलं, अहो, ती काही म्हणाली नाही येते म्हणून. तर म्हणे, मांड तरी. बसले होते शर्ट घालून. काही नाही गं. सवय आहे. तू जेवलीस ना?"

देवयानी भिंतीला टेकून खाली बसली. सहा वर्षं तिनं स्वतःला सांगितलं होतं की आपण घरी जातो, आईबाबांना भेटतो, दर महिन्याला न चुकता. बँकेत कर्ज बंद झालं आणि पहिल्याच महिन्यात ती विसरली. ठरवून टाळलं असतं तर निदान राग तरी होता म्हणता आलं असतं. ती साधी, सपशेल विसरली. बाबांनी तिला बरोबर ओळखलं होतं. एक लाख सात हजार घालवून त्यांनी जे महिना महिना पुढे ढकललं होतं ते आज आपसूक घडलं.

"बाबांना दे फोन," ती म्हणाली.

पलीकडे कुजबुज झाली. मग घसा खाकरल्याचा आवाज. "बोल."

"बाबा, मी विसरले."

"असं होय. कामं असतील. नवीन घर म्हणजे... पंखे लागले का?"

"नाही. माणूस आला नाही."

"लावून घे. ऊन वाढलंय."

"हो."

मागे आई भांडी लावत असल्याचा आवाज येत होता.

"बाबा, तुम्ही या ना इकडे," देवयानी म्हणाली. "दोघंही या. पुढच्या रविवारी. राहायलाच या. मी स्वयंपाक करीन. याल ना?"

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला.

"बघतो," बाबा म्हणाले, आणि त्यांनी फोन आईकडे दिला.